पेशंट अंगावर येतो तेव्हा… (१०८ वाल्यांसाठी, आणि बाकीच्यांसाठीही)

रात्रपाळी (धागाकर्ता)

झोप येत नाहीये म्हणून लिहितोय. डाव्या हाताची दोन बोटं पट्टीत आहेत, टायपिंगच्या चुका पोटात घाला.

मी बीएएमएस. पाच वर्षं १०८ वर आहे, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गाडीवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. २०१४ च्या जानेवारीत महाराष्ट्रात ही १०८ नंबरची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या, २३३ ॲडव्हान्स आणि ७०४ बेसिक. गाडीत माणसं दोनच, एक डॉक्टर आणि एक पायलट. पायलट म्हणजे ड्रायव्हर, पण आमच्यात ड्रायव्हर कुणी म्हणत नाही.

गेल्या आठवड्यात रात्री दीडला कॉल आला. पुरुष, वय ४२, पडलाय, बरळतोय. वस्ती रस्त्यापासून आत. गाडी बांधाला लावली आणि बॅग घेऊन चालत गेलो. पत्र्याची एक खोली, एकच दार. माणूस आतल्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेला, घामानं निथळत होता, हात थरथरत होते. मी विचारलं, पितात का? बायको म्हणाली, "तसं काय नाय हो, उलट चार दिस झाले सोडली त्यांनी." हे वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. डोक्यात एकच होतं, शुगर. त्याच्या शेजारच्या चिंचोळ्या जागेत गुडघ्यावर बसलो आणि ग्लुकोमीटर काढला. पायलटदादा दारात उभे होते. ते म्हणाले, "सर, जरा बाहेर येता का?" मी म्हटलं, "थांबा दादा, एवढं करतो."

बोटाला सुई टोचली आणि तो उठला. माझ्या गळ्यात स्टेथो होता, त्याची दोन्ही टोकं त्याच्या मुठीत. त्याचा चेहरा माझ्यापासून वीतभर, पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. माझ्या खांद्यामागे पत्र्याकडे बघत "काढ, काढ तिला" म्हणत होता. मागे भिंत, दार त्याच्या पलीकडे. दादांनी खाटेवरची गोधडी उचलून मागून त्याच्या हातांवर गुंडाळली, तेव्हा मी सुटलो. चष्मा गेला, बोटं गेली. स्ट्रिप जमिनीवर पडली होती. शुगर नंतर घेतली, १२४.

नातेवाइकांच्या मारहाणीवर पेपरात येतं, संप होतात. मला त्याबद्दल नाही विचारायचं. खुद्द पेशंट अंगावर येतो तेव्हा तुम्ही काय करता? ट्रेनिंगमध्ये 'सीन सेफ्टी' एका स्लाइडवर होती. करंट, आग, ट्रॅफिक, साप. माणूस त्या स्लाइडवर नव्हता.

उंबरठा

बापरे. आधी बोटांचा एक्स-रे काढलात का? काळजी घ्या.

चकली_मोडली

म्हणजे आता भरतीच्या जाहिरातीत 'ज्यूदो येत असल्यास प्राधान्य' टाकायला हरकत नाही. (चेष्टा नाही करत हो, वाचून पोटात गोळा आला.)

खडीसाखर

मी पण १०८ वर, नाशिककडे. बाई असल्यामुळे असेल, पण हा हिशोब पहिल्या महिन्यापासून डोक्यात ठेवावा लागला.

स्टेथो गळ्यात कधीच नाही, खिशात. ओळखपत्राची दोरी गळ्यात नाही, छातीला क्लिप. केसांचा अंबाडा. मंगळसूत्र ड्युटीला आतून. खिशात कात्री नको, ती बॅगेच्या आतल्या कप्प्यात. पेनसुद्धा एकच, आणि ते माझ्या हातात.

घरात शिरताना दार मागे कुणी लावलं तर मी तिथेच थांबते. "दार उघडं राहू द्या, वारा हवाय पेशंटला" म्हणते. यावर आजवर कुणी वाद घातलेला नाही. आणि एक गोष्ट पुस्तकात मिळणार नाही. आपल्याकडे एका खोलीचं घर म्हणजे स्वयंपाकघरातच पेशंट. तुम्ही पल्स बघत असता आणि हातभर अंतरावर विळी उभी असते. शेजारी लोखंडी तवा, खलबत्ता. मी घरातल्या बाईला पहिलं वाक्य तेच म्हणते, "ताई, ती विळी तेवढी उचलून पलीकडे ठेवता का, मला बसायला जागा हवी." बाईला न सांगता कळतं. पुष्कळदा ती दुसऱ्याही दोन वस्तू उचलते, आणि काय उचलते त्यावरून मला कळतं की या घरात आधी काय काय झालंय.

तुमच्या गोष्टीतलं मला खटकलं ते इतकंच की तुम्ही कोपऱ्यात शिरलात. पेशंट कोपऱ्यात असेल तर त्याला बाहेर बोलवायचं. येत नसेल तर आपण दाराच्या बाजूलाच.

कोरा_चहा

मानसोपचारतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालयात.

रात्रपाळी, "चार दिवस झाले सोडली" हेच तुमचं निदान होतं. रोज भरपूर पिणाऱ्यानं अचानक बंद केली की पहिल्या दिवशी थरथर, घाम, उलट्या. फिट आलीच तर बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते. खरा गोंधळ दोन ते चार दिवसांत सुरू होतो. त्याला डेलिरियम ट्रेमेन्स, थोडक्यात डीटी म्हणतात. माणसाला दिवस-रात्र कळत नाही, भिंतीवर किडे दिसतात, साप दिसतात, कोपऱ्यात कुणी बाई उभी दिसते. तुमच्या पेशंटची 'ती' तीच. त्यानं तुम्हाला मारलं नाही, तिला मारलं. गळा तुमचा होता एवढंच. आमचे एक सर सांगायचे, पेशंट चादरीवरून कापूस वेचल्यासारखं करायला लागला की खुर्ची एक हात मागे घ्या.

एक निरीक्षण सांगतो. निवडणुकीत मतदान संपेपर्यंतचे ४८ तास दारूची दुकानं बंद असतात. मतदानाच्या आसपास आमच्या वॉर्डात असे पेशंट हमखास येतात. पाय मोडून ऑर्थोला दाखल झालेला सज्जन माणूस तिसऱ्या रात्री सलाईन उपटून पळायला लागतो, तोही यातलाच. घरचे 'नाही पीत' म्हणतात कारण विचारणारा चारचौघांत विचारतो. "पितात का" असं विचारूच नका. "शेवटची कधी घेतली होती" असं विचारा.

आणि दारूच कशाला. माझ्याकडे 'वेडा झालाय' म्हणून आणलेल्यांत साखर उतरलेले असतात, ऑक्सिजन कमी पडल्यामुळे मास्क ओढून फेकणारे दमेकरी असतात, डोक्याला मार लागलेले असतात, फिट येऊन गेल्यावर अर्धा तास भ्रमात असलेले असतात. फिटनंतरच्या माणसाला तर धरूच नका. धरलं की झटापट होते, सोडलं की बहुतेक वेळा तो आपोआप निवळतो. कीटकनाशक प्यायलेल्याला त्यावरचं औषध, ॲट्रोपिन, जास्त झालं की तोही हवेतल्या वस्तू पकडतो. धोतरा खाल्लेला तसाच. अंग तापलेलं, तोंड कोरडं, बाहुल्या मोठ्या.

म्हणून ग्लुकोमीटर काढलात ते बरोबरच होतं. चुकली ती जागा.

घाटवळण

कोरा_चहांना दुजोरा. मी कोकणात पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) होतो तेव्हा सत्तरीच्या आजींना 'अंगात आलंय' म्हणून दोन दिवस भगताकडे बसवलं होतं. मग आमच्याकडे आणलं. मी बीपीचा पट्टा बांधायला गेलो तर मनगटाला कडकडून चावा. लघवीचं इन्फेक्शन आणि सोडियम घसरलेलं. चार दिवसांनी त्याच आजी मला "पोरा, जेवलास का" विचारत होत्या. चावल्याचं त्यांना काहीही आठवत नव्हतं. मला आठवतंय, व्रण अजून आहे.

सडेतोड

सगळं खरं, पण एवढं समजून घ्यायचा ठेका डॉक्टरांनीच का घ्यायचा? दारू पिऊन (किंवा सोडून) हात उगारणाऱ्याला तिथेच सोडून यावं. एकदोनदा असं झालं की गाव सुधारेल.

रात्रपाळी

@सडेतोड, तो सुधारला नसता, मेला असता. उपचार न मिळालेल्या डीटीमध्ये माणसं मरतात. रागावून सोडून येणं वेगळं आणि दहा पावलं मागे येऊन मदतीची वाट बघणं वेगळं. मला दुसरं शिकायचंय.

@खडीसाखर, विळीचं वाचून अंगावर काटा आला. त्या खोलीत चूल कुठे होती हे मला आत्ता आठवतसुद्धा नाही. बघितलीच नव्हती.

स्टेरिंग_४७

नमस्कार. मी पायलट हाय. लिहायची सवय नाई, पोरगी टाइप करून देतीय.

डॉक्टर साहेब पेशंटकडं बघतेत. बघायलाच पाहिजे, त्येंचं कामच हाय. पण मग खोली कोण बघतं? आमी बघतो. आमी दारात हुबं असतो तवा समदं दिसतं. पेशंट बोलायचा थांबला. मूठ वळली. नजर दाराकडं गेली, परत आली, परत गेली. एका जागी बसवंना, मांडी हलाया लागली. भाऊबंद एकमेकाकडं बघून गप झाले. ह्ये दिसलं की पुढच्या मिनटाला काय हुनार आमाला कळतं. १६ वर्षं गाडी चालवली, आधी ट्रक, मग ही.

पर आमचं आईकतंय कोण? "सर बाहेर या" म्हनलं की सर म्हनतेत, "थांबा दादा." मोठ्यानं म्हनावं तर पेशंट बिथरतो, नातेवाईक म्हनतेत ड्रायव्हर कुठला श्याणा आलाय. परत साहेबाला हुकूम दिल्यावानी हुतं. मंग आमी गप. आन मंग गोधडी.

तुमच्या पायलटनं दोनदा तरी खूण केली असंल साहेब. इचारा त्याला.

अबोली

हा धागा वाचून थरथरायला झालं, वेगळ्या कारणानं. माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, अठरा वर्षं. मी तुमच्या गोष्टीतल्या त्या बाईच्या जागी अनेकदा उभी राहिले आहे.

दोन वर्षांपूर्वी त्यानं औषधं बंद केली आणि आम्हाला गाडी बोलवावी लागली. आलेले लोक चांगले होते, पण घाबरलेले होते. गल्लीतली सहा पोरं मदतीला घेतली. त्यांनी दादाला पालथा पाडला, एक जण पाठीवर बसला, नायलॉनच्या दोरीनं हात मागे बांधले. तो ओरडत होता, "श्वास येत नाही." सगळे म्हणाले, ओरडतोय म्हणजे श्वास येतोय. मनगटांवर ते वळ महिनाभर होते. त्या दिवसापासून अँब्युलन्सचा सायरन रस्त्यावरून गेला तरी तो पलंगाखाली जातो.

त्यानं त्या दिवशी कुणालाही मारलं नव्हतं. कपाट आडवं लावून बसला होता, कारण बाहेरचे लोक त्याला न्यायला आलेत असं त्याला वाटत होतं. आणि खरंच आले होते.

मला तक्रार करायची नाही. फक्त एवढंच, कुणी आत येण्याआधी मला बाजूला घेऊन दोन मिनिटं विचारलं असतं, की हा कशानं भडकतो आणि कशानं शांत होतो, तर मी सांगितलं असतं. टोपी घातलेल्या माणसाला घाबरतो. रेडिओ लावला की बसतो. नावानं नको, 'भाऊ' म्हणा.

कोरा_चहा

अबोली, लिहिल्याबद्दल धन्यवाद. तुमचा प्रतिसाद आमच्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवणार आहे, परवानगी असेल तर.

पालथं पाडणं ही सर्वांत धोकादायक गोष्ट. छाती जमिनीवर दाबलेली, वर माणूस, आत घाबरलेलं हृदय. श्वास कोंडून माणूस दगावतो, आणि तो शांत झाला म्हणून सगळे सुटकेचा श्वास सोडतात तेव्हा दगावलेला असतो. "ओरडतोय म्हणजे श्वास येतोय" हे खोटं आहे. आवाज काढायला थोडी हवा पुरते, जगायला पुरत नाही.

धरायचंच असेल तर उताणं, डोक्याकडची बाजू थोडी वर. एक हात वरच्या बाजूला आणि एक खाली, म्हणजे जोर एकवटत नाही. बांधायला दोरी किंवा नायलॉन नको. रुंद पट्टी किंवा चादरीची घडी, सुटायला सोपी गाठ. गाठ स्ट्रेचरच्या फ्रेमला, सरकत्या कठड्याला नाही. छातीवर बेल्ट घट्ट नको. बोटांची नखं दाबून रक्त परत येतंय का बघायचं, ऑक्सिजनचा क्लिप लावून ठेवायचा, आणि सतत बोलत राहायचं. पोलिसांनी बेड्या घातल्या असतील तर किल्ली असलेला पोलीस गाडीत हवा. मागच्या जीपमध्ये नाही.

आता हिशोब करा. चार हातापायांना चार माणसं, डोक्याशी एक. झाले पाच. तुम्ही गाडीत दोन. म्हणजे धरण्याचा पर्याय तुमच्याकडे जवळपास नाहीच, आणि गल्लीतली सहा पोरं म्हणजे पाच प्रशिक्षित माणसं नव्हेत. तुमच्याकडे आहे ते अंतर, आवाज आणि वेळ. दोन हातांपेक्षा जवळ जायचं नाही. समोरासमोर नाही, थोडं तिरकं उभं राहायचं. हात दिसतील असे. बोलणारा एकच. वाक्यं छोटी: "मी डॉक्टर आहे. तुम्ही घाबरलाय. मी इथेच बसतो. पाणी हवंय?" त्याला कोपऱ्यातली बाई दिसत असेल तर 'कुणी नाहीये' म्हणून वाद घालायचा नाही, आणि 'हो, मलाही दिसते' असंही नाही. "मला दिसत नाही, पण तुम्हाला भीती वाटतेय ते दिसतंय" हे चालतं. दहा मिनिटं जातात यात. जाऊ द्यावीत.

औषधाचं इथे डोससकट लिहीत नाही, पण एक सांगतो. सगळ्या आक्रमक पेशंटना एकच इंजेक्शन नसतं. डीटीमध्ये लोराझेपामसारखी औषधं लागतात. तिथे नुसतं हॅलोपेरिडॉल दिलं तर फिट यायची शक्यता वाढते. स्किझोफ्रेनियाच्या भडक्यात हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन ही जोडी आपल्याकडे जुनी आणि भरवशाची. कुठलंही झोपेचं इंजेक्शन दिलं की नजर श्वासावर.

कलमकसाई

वकील आहे. कायद्याचा मुद्दा आलाच नाही म्हणून.

महाराष्ट्राचा २०१० चा कायदा आहे, वैद्यकीय सेवेतल्या लोकांवरच्या हिंसक कृत्यांविरुद्ध. तीन वर्षांपर्यंत कैद, ५०,००० रुपयांपर्यंत दंड, दखलपात्र आणि अजामीनपात्र, मालमत्तेच्या नुकसानीची दुप्पट भरपाई. पण हा कायदा शुद्धीवर असलेल्या टोळक्यासाठी उपयोगाचा. रात्रपाळींच्या पेशंटला तो लावायला गेलात तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२ (जुनं भादंवि ८४) आडवं येऊ शकतं. मनाच्या विकलतेमुळे आपण काय करतोय हेच कळत नसेल तर तो गुन्हा नाही. स्वतःहून पिऊन झिंगलेल्याला मात्र ही सूट मिळत नाही.

यावर सगळे हताश होतात, म्हणून पुढचं कलम सांगतो जे कुणी सांगत नाही. न्याय संहितेचं कलम ३६ (जुनं ९८): समोरच्याचं कृत्य वेडाच्या भरात असल्यामुळे गुन्हा ठरत नसलं, तरी तुमचा स्वसंरक्षणाचा हक्क तितकाच शाबूत राहतो, जितका तो गुन्हा असता तर राहिला असता. म्हणजे 'पेशंट आहे, हात कसा लावू' या विचारात गळा दाबून घ्यायची कायद्याची सक्ती नाही. ढकलून सुटा, पळा. फक्त सुटल्यावर दोन लाथा घालू नका, तिथे हक्क संपतो.

२०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही बघा. कलम ९४ प्रमाणे तातडीच्या प्रसंगी कुणीही नोंदणीकृत डॉक्टर उपचार देऊ शकतो, नामनिर्देशित प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घेऊन. जवळच्या मानसिक आरोग्य संस्थेत नेणं हेही त्यातच येतं. कमाल ७२ तास. बेवारस भटकणारा मनोरुग्ण असेल तर कलम १०० खाली त्याला संरक्षणात घेणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे, ते उपकार करत नाहीत.

आणि स्वतःच्या जखमेची एमएलसी (पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद) करून घ्या हो. डॉक्टर लोक दुसऱ्याची करतात, स्वतःची नाही.

थेम्सकाठ

मी लंडनजवळ अँब्युलन्स सेवेत आहे, मूळ सांगलीचा. इथेही क्रू दोघांचाच, त्यामुळे 'पाच माणसं' हा हिशोब आम्हालाही लागू. फरक इतका की आधी हिंसा झालेल्या पत्त्यावर कंट्रोल रूमकडे खूण लावलेली असते. कॉल येतानाच स्क्रीनवर दिसतं. मग आम्ही एक गल्ली अलीकडे दिवे बंद करून थांबतो, पोलीस आले की एकत्र आत. २०२१ पासून अंगावरचे कॅमेरे सगळीकडे द्यायला सुरुवात झाली. २०१८ चा खास कायदा आहे, त्यातली शिक्षा १२ महिन्यांवरून दोन वर्षांपर्यंत वाढवली.

तरी मार खातोच. मला गेल्या हिवाळ्यात एका ऐंशी वर्षांच्या आजोबांनी काठीनं झोडपलं. त्यांना वाटलं मी चोर. रात्री तीनला त्यांच्या बेडरूममध्ये हिरव्या कपड्यातला अनोळखी माणूस, त्यांचं काय चुकलं?

स्टेरिंग_४७

थेम्सकाठ साहेब, गल्ली अलीकडं थांबायचं आपल्याकडं जमत नाई. गाडी लांब हुबी दिसली की धा मिनटात मानसं काठ्या घेऊन येतेत, "पेशंट मरतोय आन ह्ये तमाकू खात बसलेत." थांबायचंच असंल तर गावाच्या बाहेर, आन कॉल सेंटरला सांगून, ११२ ला फोन झाल्याची येळ लिवून.

गाडी चालू असताना पेशंट उठला तर काय, त्ये कुनी लिवलं नाई. मी सांगतो. कचकन ब्रेक मारायचा नाई, साहेब आत हुबं असत्यात, त्येंचंच डोकं फुटंल. इंडिकेटर, हळू डावीकडं, जिथं लाईट हाय तिथं, ढाब्यापशी चांगलं. आतली लाईट लावायची. चावी काढून खिशात. चावी इसरू नका, आमच्याकडं एक जन गाडी घेऊन गेला हुता दीड किलोमीटर. मंग साईडचं दार बाहेरून उघडायचं म्हंजी साहेबाला वाट. साहेबानं डोक्याकडच्या शिटावर बसावं, लाथ पोचत नाई. सिलिंडरचा पाना, सलाईनचा रॉड, समदं आधीच कप्प्यात. नातेवाईक एकच, शांत असलेला, त्यो आत. भांडखोर म्होरं माझ्या बाजूला. तापलेल्या मानसाला शिटबेल लावली आन रस्ता दावायला सांगितलं की त्यो गार हुतो. कामाला लागतो ना.

खडीसाखर

"रस्ता दावायला सांगितलं" — दादा, हे आजपासून आमच्या गाडीत.

घाटवळण, तुमच्या चाव्यावरून आठवलं. माणसाचा चावा कुत्र्याच्या चाव्याइतका गांभीर्यानं कुणी घेत नाही. साबण-पाण्यानं भरपूर धुवा, लगेच टाके घालू नका, धनुर्वात आणि हिपॅटायटिस बी लसीचं बघा. रक्ताचा संबंध आला असेल तर एचआयव्हीच्या प्रतिबंधक गोळ्यांचं सरकारी रुग्णालयात विचारा. होईल तितक्या लवकर, दोन तासांत मिळाल्या तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. मी एकदा 'ड्युटी संपल्यावर बघू' म्हणत ३० तास घालवले. ते ३० तास आणि पुढचे तीन महिने नवऱ्याला काही सांगितलं नव्हतं.

अबोली

@कोरा_चहा, परवानगी आहे. भावाचं नाव तेवढं विचारू नका.

उंबरठा

अवांतर: टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर इथे लिहून ठेवते. पेशंटच्या घरच्यांसाठी आहेच, पण मार खाऊन रात्री जागणाऱ्या डॉक्टरांनाही चालतो.

रात्रपाळी

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला चार दिवस लागले कारण मधे दोन गोष्टी केल्या.

पहिली, स्टेरिंग_४७ म्हणाले तसं दादांना विचारलं. टपरीवर चहा घेताना विचारलं, त्या रात्री तुम्ही मला किती वेळा खूण केलीत. ते बराच वेळ कपात बघत राहिले. मग म्हणाले, "तीनदा, सर. एकदा खोकलो. एकदा बॅटरी तुमच्या पाठीवर मारली. मग बोललो." बॅटरीचा उजेड मला आठवतोय. मला वाटलं, दादा मला ग्लुकोमीटर दिसावा म्हणून उजेड दाखवतायत. मनात 'थँक्यू' म्हटलं होतं.

मग आम्ही एक वाक्य ठरवलं. दोघांपैकी कुणीही "मोठा सिलिंडर आणायला लागेल" म्हटलं की दोघांनी उठायचं, बॅग तिथेच टाकून. का, कशाला, एवढं करतो, काही नाही. वाद बाहेर गाडीजवळ. दादा चुकीचं बोलले असतील तर दोन मिनिटं वाया जातील, परत आत जाऊ. 'मोठा सिलिंडर' यासाठी की नातेवाइकांना ते ऐकून बरंच वाटतं, पेशंटसाठी काहीतरी मोठं आणतायत म्हणून. दादांची अट एकच होती, "सर, मी म्हटलं तर तुम्ही रागावायचं नाही, आणि तुम्ही म्हटलात तर मला कारण सांगायचं नाही."

दुसरी गोष्ट, त्या माणसाला वॉर्डात भेटून आलो. शुद्धीत आहे, बारीक झालाय. मी कोण ते त्याला माहीत नाही. बायकोला माहीत आहे. ती उठून उभी राहिली आणि पदर तोंडाला लावला. मी विचारलं, दारू सोडल्याचं तुम्ही सांगितलं होतं, माझं लक्ष नव्हतं, नाही का? ती म्हणाली, "मी दोनदा सांगितलं होतं, दादा."

काल रात्री साडेअकराला पहिला कॉल होता. गोठ्यात पडलेला तरुण, तोंडाला वास, शेजारी उघडी बाटली. विषबाधेचा वाटत होता. मी वाकणार इतक्यात मागून दादा म्हणाले, "सर, मोठा सिलिंडर आणायला लागेल." खरं सांगतो, राग आला. पेशंट समोर, श्वास घरघरतोय, आणि हे काय मधेच. तरी उठलो. बाहेर आल्यावर विचारलं, काय दिसलं?

दादांनी बॅटरी मारली. गव्हाणीपलीकडे बैल दाव्याला बांधलेला नव्हता.

चकली_मोडली

😂 स्लाइडवर बैल होता का हो?

रात्रपाळी

नव्हता. साप होता. (पोरगा बरा आहे. वेळेत पोचलो.)